कच्चा लिंबू आऊट होत नाही

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना कच्चा लिंबू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, आणि ते सांगितलं दुसऱ्या मजल्यावरच्या सहा वर्षांच्या मुलीने. अध्यक्ष मराठीच आहेत, घाटावरचे. लहानपणी अंगणात लपाछपी खेळलेच असणार. पण सरकारी खात्यात उभं आयुष्य गेलं की माणूस काय काय विसरतो ते बघण्यासारखं असतं. माझे वडील विसरतात ते आजारामुळे. आम्ही बाकीचे धडधाकट असून विसरतो, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नाही.

मी शिक्षिका आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी लाज काढायला सोपं जाईल. सकाळच्या सत्राची शाळा, पाचवीचा वर्ग. आठवड्यातून एकदा मूल्यशिक्षणाचा तास असतो. फळ्यावर ‘संवेदनशीलता’ असं लिहायचं, खाली दोन रेघा मारायच्या आणि विचारायचं, सांगा बघू, म्हणजे काय? मुलं बिचारी पाठ केलेलं सांगतात. हा तास मी ज्या दिवसांत घेत होते त्याच दिवसांत माझे वडील बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाहेरून कडी लावलेल्या दाराआड बसलेले होते. अठरा दिवस. कडी मी लावली होती.

बाबा वसईच्या किनाऱ्याकडच्या वाडीतले. केळी, पानवेली, थोडी फुलं. विहिरीवरचा रहाट माझ्या जन्माआधीच गेला आणि मोटार आली. मोटारीचा आवाज आला की बाबा हातातलं काम टाकून फावडं उचलायचे. जेवत असले तर ताटावरून उठायचे. पाटाचं पाणी एका झाडाच्या आळ्यात सोडायचं, ते भरलं की मातीने तोंड बंद करायचं आणि पुढचं फोडायचं, असं शेवटच्या केळीपर्यंत. “पानी लावलं की बांधावर मानूस पायजे,” असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पाणी एकटं सोडलं की ते वाटेल तिकडे जातं, असं त्यांचं म्हणणं.

आई गेली, विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं, वाडी चुलतभाऊ बघू लागला आणि बाबा माझ्याकडे आले. नवरा पहाटे मुंबईला जातो तो रात्री उगवतो, त्याला या सगळ्यात धरू नका. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. मग एकेक गोष्ट जायला लागली. माझं नाव गेलं, आई गेल्याचं गेलं, मघाशी जेवल्याचं गेलं. मोटारीचा आवाज तेवढा राहिला होता, पण ते मला कळलं नव्हतं. खाली खेळणाऱ्या पोरांना कळलं होतं.

संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की बाबा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं बोट धरून खाली जायचे. बिल्डिंगच्या मागे चार हात बाग आहे, तिच्याशेजारी पंपाची खोली आणि पुढे पार्किंग. मुलं तिथे डोंगर का पाणी खेळतात. ज्याच्यावर राज्य आहे त्याने पाणी मागितलं की खालची जमीन त्याची. बाकीच्यांनी कट्ट्यावर चढायचं, आणि जो खाली उतरेल त्याला त्याने पकडायचं. पहिल्याच दिवशी बाबा बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले. मोठ्यांच्या कुठल्याही बैठकीत असा माणूस मधे येऊन उभा राहिला असता तर त्याला दंडाला धरून बाजूला नेलं असतं. मुलांनी डोकी एकत्र करून दोन मिनिटांत निकाल लावला, की आजोबा कच्चा लिंबू.

कच्चा लिंबू खेळात असतो. पळतो, ओरडतो, कुणाच्याही पाठी लागतो. त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो आऊट होत नाही. एरवी हा मान घरातल्या शेंबड्या धाकट्याला मिळतो, इथे तो अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मिळाला. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही आणि आम्ही शाळेत तो शिकवत नाही. बहुतेक म्हणूनच तो अजून शाबूत आहे.

सहा वाजता गच्चीवरच्या टाकीसाठी मोटार लागायची आणि बाबा खेळ सोडून पंपाच्या खोलीकडे चालायला लागायचे. मुलांनी दोन-तीन दिवस बघितलं. मग कुणीतरी घरून झारी आणली. मोटारीची घरघर सुरू झाली की ज्याच्यावर राज्य असेल त्याने ‘टाइमप्लीज’ म्हणायचं, खेळ थांबवायचा, एकाने भरलेली झारी बाबांच्या हातात द्यायची. बाबा जास्वंदीच्या बुंध्याशी पाणी घालायचे, माती पायाने सारखी करायचे, आणि त्यांचं समाधान झालं की खेळ पुढे चालू. हे चार महिने चाललं होतं. वरून खिडकीतून मला एवढंच दिसायचं की मुलं मधेच उभी राहतात. मला वाटायचं, दमली असतील.

मग एक सोमवार उजाडला. उन्हाळा तोंडावर आलेला, पाणी टँकरचं. सकाळी नऊला वॉचमन मोटार लावून गेटवर गेला. मी शाळेत होते, मुलगी तिच्या शाळेत, स्वयंपाकाच्या बाई त्या दिवशी उशिरा येणार होत्या. बाबा दार उघडून खाली उतरले आणि त्यांनी बागेच्या नळाचा मोठा कॉक पूर्ण फिरवला. झारी द्यायला त्या वेळी खाली कुणी नव्हतं. गच्चीवर जायचं पाणी बागेत आलं आणि बाबांनी लादीचा एक तुटका तुकडा घेऊन त्याला वाट करून दिली.

मी आले तेव्हा खालची टाकी कोरडी पडली होती, पार्किंगमध्ये चिखल होता, सेक्रेटरींच्या गाडीची चाकं माखली होती. आणि बागेतल्या एकूण एक झाडाला आळं केलेलं होतं. हाताने थापलेलं, गोल, काठोकाठ भरलेलं. जास्वंद, तगर, कढीपत्ता, कुंपणाकडचे दोन नारळ. आमच्या बागेला इतकं नीट पाणी आजवर कुणी दिलं नव्हतं. मला क्षणभर अभिमान वाटला. तेवढ्यात रिकाम्या बादल्या घेऊन माणसं खाली उतरायला लागली आणि मी मान खाली घातली.

पाण्याचा राग मला कळतो. टँकरची वाट मीही बघते. पण आठवडाभर सोसायटीच्या ग्रुपवर जे चाललं त्यात पाणी लवकरच मागे पडलं. ‘सदर ज्येष्ठ नागरिक’ असा बाबांचा उल्लेख व्हायला लागला, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग झाली. एक बाई उठून म्हणाल्या, “अशी व्यक्ती रोज आमच्या मुलांमध्ये असते. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?” माना हलल्या. ज्या मुलांनी बाबांना चार महिने सांभाळलं त्या मुलांना बाबांपासून सांभाळायचं असं सर्वानुमते ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं.

कागद आधीच टाईप करून आणला होता. सदर नागरिकांना एकट्याने खाली सोडू नये, मुलांच्या खेळाच्या जागेत येऊ देऊ नये. “मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात,” असं म्हणून अध्यक्षांनी पेन माझ्यापुढे केलं. वर्गात चाळीस पोरांचा आवाज एका नजरेत बंद करणारी मी, तिथे मूग गिळून बसले. सही केली. वर सगळ्यांची माफीही मागितली. ती सही आठवली की अजून माझा हात मला दुसऱ्याचा वाटतो.

दुसऱ्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली आणि दाराला बाहेरून बसवून घेतली. सकाळसाठी सोबतीला बाई शोधत होते, मिळत नव्हती, हे खरं आहे. पण ज्याला दुसरं काही सुचत नाही त्याला कडी बरी सुचते. सकाळी निघताना गॅस बंद करायचा आणि कडी घालायची. नऊला स्वयंपाकाच्या बाई काढायच्या, जाताना घालायच्या. दीडला मी काढायची. घरात काही पेटलं असतं तर, हा विचार मी रोज रिक्षात करत होते आणि रोज कडी घालत होते.

“नवीन कडी कशाला?” मुलीने विचारलं.

“चोरांसाठी.”

“मग ती बाहेरून का लावलीय?”

मी तिला डबा भरायला पिटाळलं. आजोबांना बरं नाही, ते काही दिवस खाली येणार नाहीत, असंही सांगून टाकलं. बाबांसाठी वेगळं खोटं होतं. “दार का उघडत नाय?” असं ते विचारायचे आणि मी म्हणायचे, “लाकूड फुगलंय बाबा, अडकतंय.” उभा जन्म लाकडा-मातीत गेलेल्या माणसाला मी भर उन्हाळ्यात लाकूड फुगल्याचं सांगत होते.

स्वयंपाकाच्या बाई येताना जिन्यातूनच ऐकायच्या. पहिले काही दिवस मोटार लागली की बाबा दार ओढायचे. मग ठोकायला लागले. नंतर नुसतं बोटाने टकटक करून विचारायचे, “कोनी हाय का?” परक्याच्या घरी जाऊन विचारावं तसं, स्वतःच्या घराच्या आतून. संध्याकाळी सहाच्या मोटारीला हेच माझ्यादेखत व्हायचं, कारण तेव्हा मी दाराला आतून कुलूप घालून बसलेली असायचे. मुलगी खाली खेळत असायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. शेवटच्या चार-पाच दिवसांत बाबा खुर्चीतून उठेनासे झाले, आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

अठराव्या दिवशी मुलीची शाळा लवकर सुटली. मी घरी आले तेव्हा दार उघडं होतं आणि ती गणवेशातच बाबांच्या पायाशी बसली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “आजोबा आऊट झाले का?”

“काहीतरीच काय?”

“मग कोंडून का ठेवलंस? जो आऊट होतो तो बाजूला बसतो. कच्चा लिंबू आऊट होत नाही. कोणी केलं त्यांना आऊट?”

मी तिला मीटिंगचं सांगितलं. टाकीचं, चिखलाचं, कागदाचं. मोठ्यांच्या अडचणी असतात हे जे काही आम्ही सांगतो ते सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “पण तेव्हा आम्ही शाळेत होतो. मोटार लागली की त्यांना झारी द्यायची असते. आम्ही असतो तर दिली असती.”

झारीची गोष्ट मला अशी कळली. चार महिन्यांनी, आणि तीही विचारल्यावर नव्हे. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तुला दिसत होतं ना खिडकीतून.” मग तिने माझ्याशी कट्टी घेतली आणि ती पाळली. रात्री जेवताना मीठ हवं होतं तर तिने बाबांना मागायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी मुलं आमच्या मजल्यावर आली. बाबांना खाली यायला बंदी होती. मुलांना वर यायला बंदी घालायचं कागदात राहून गेलं होतं. त्यांनी आमचं दार सताड उघडलं, उंबऱ्यापाशी खुर्ची ठेवून बाबांना बसवलं आणि खेळ मांडला. जिन्याच्या पायऱ्या म्हणजे डोंगर, लॉबी म्हणजे पाणी. आवाज व्हायचा तेवढा झाला, शेजारून तक्रार गेली आणि अध्यक्ष स्वतः वर आले.

“हे काय चाललंय? आणि यांना मधे कशाला बसवलंय?”

“ते कच्चा लिंबू आहेत,” दुसऱ्या मजल्यावरची ती सहा वर्षांची मुलगी म्हणाली.

“म्हणजे काय?”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढ्या मोठ्या माणसाला हे माहीत नसेल यावर तिचा विश्वास बसेना. मग तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, “ज्याला खेळता येत नाही पण खेळायचं असतं, तो.”

“असं होय. मग तो जिंकतो का?”

“नाही. पण त्याला कोणी घरी पाठवत नाही.”

अध्यक्ष हसले. “छान, छान,” म्हणाले. मुलं खरं बोलली की मोठी माणसं छान म्हणतात आणि पुढचा मुद्दा घेतात. तसा त्यांनी घेतला. “पण बाळांनो, पाण्याचं काय? ते पुन्हा कॉक फिरवतील.”

माझी मुलगी म्हणाली, “काका, सकाळची मोटार आम्ही शाळेतून आल्यावर लावली तर?”

अध्यक्षांनी वॉचमनला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. सकाळी नऊलाच मोटार का लावतात, असं त्यांनी विचारलं. “पहले वाला नौ बजे लगाता था साहब, तो मैं भी लगाता हूँ,” वॉचमन म्हणाला. “दो बजे लगाओ तो भी चलेगा. ऊपर की टंकी सुबह आधी भरी रहती है.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौसष्ट बिऱ्हाडं. त्यांत इंजिनिअर आहेत, वकील आहेत, मुलांना मूल्यं शिकवणारी मी आहे. दोन तास मीटिंग केली, कागद केला, सह्या केल्या, आणि मोटारीची वेळ बदलता येते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. काखेत कळसा होता. पण आम्ही कुणाचं चुकलं ते शोधत होतो, आणि तो सापडल्यावर पुढे बघायची आम्हाला गरजच उरली नाही. यंत्राला हात लावायला आम्ही घाबरलो, माणूस कोंडायला घाबरलो नाही.

“तो कागद फाडून टाका,” मी अध्यक्षांना म्हणाले.

“मॅडम, बघू आपण पुढच्या मीटिंगमध्ये. इतकं चिडण्यासारखं काही नाहीये.”

“आहे,” मी म्हणाले. “आणि पुढच्या मीटिंगची वाट बघायची नाही. उद्यापासून दोन वाजता मोटार, आणि उद्यापासून बाबा खाली येणार. ज्यांना अडवायचं असेल त्यांनी या मुलांसमोर येऊन अडवावं.” माझा आवाज सगळ्या जिन्यात गेला असणार. हे त्या रविवारी पार्किंगमध्ये बोलायला हवं होतं, तेव्हा मी सही केली होती. अध्यक्ष खाली गेले. कागदाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

कडी मी त्याच संध्याकाळी स्क्रू काढून उतरवली. मुलगी बघत होती. मी विचारलं, “बट्टी?”

“आधी आजोबांना खरं सांग,” ती म्हणाली. “दार अडकलं नव्हतं ते. चीटिंग केली की सांगायला लागतं, नाहीतर परत खेळायला घेत नाहीत.”

“अगं, त्यांच्या काय लक्षात राहणार आहे? ते विसरतात.”

“तू तर नाही ना विसरत.”

दुसऱ्या दिवशी दोनच्या आत मी बाबांना धरून खाली नेलं. मुलं गणवेशातच जमली होती, जेवायचीही थांबली नव्हती. बागेत प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली, शेजारी भरलेली झारी. बाबांनी कुणाला ओळखल्याचं दाखवलं नाही, पण मुलांनी ते मनावर घेतलं नाही. मोटार सुरू झाली. सगळी मुलं बाबांकडे बघत उभी राहिली आणि त्यांच्यामागे मी.

बाबांची मान जराशी वळली. हात मांडीवरून हलले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने झारी उचलून त्यांच्या हातात दिली. कुणी जरा धरा म्हटलं की आपण वस्तू धरतो तशी त्यांनी ती धरली आणि परत तिच्याकडे दिली. “नको,” म्हणाले. “दार लागलंय.”

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. “आजोबांचं टाइमप्लीज आहे,” माझ्या मुलीने जाहीर केलं, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. झारी खुर्चीच्या पायाशी ठेवून ती खेळायला पळाली. तिथे, त्या दुपारच्या उन्हात, मला पहिल्यांदा नीट कळलं मी काय केलं ते. दोन वर्षं आजाराने त्यांच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली होती, पण मोटार त्याला काढून घेता आली नव्हती. ती मी अठरा दिवसांत काढून घेतली. मला अध्यक्षांचा राग आला, मीटिंगमधल्या त्या बाईंचा आला, माझ्या नवऱ्याचाही आला. तो सगळ्यांवरून फिरून परत माझ्यापाशीच आला.

मुलगी कट्ट्यावर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी बाबांच्या खुर्चीपुढे उकिडवी बसले.

“बाबा, दार अडकलं नव्हतं. मी बाहेरून कडी लावून जायचे.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. ओळखत नव्हते, पण ऐकत होते. मग साध्या आवाजात, पोरीला काम सांगावं तसं म्हणाले, “मग उघड ना.”

वर आभाळ होतं, समोर जास्वंद होती, पलीकडे मुलं पळत होती. उघडायला तिथे दार नव्हतं.